व्हर्ना लाहतीची चाळण

मी चाळण बोलतेय. मैदा चाळायची, लाकडी कडेची, बारीक तारेच्या जाळीची. व्हर्नाच्या लग्नात तिच्या आईनं मला इतर भांड्यांबरोबर एका खोक्यात घालून दिलं आणि त्या खोक्यातून मी सुपीरियर सरोवराच्या काठी, रेडशाफ्ट नावाच्या खाणगावात आले. खाणी तेव्हाच बंद पडल्या होत्या. उरलं होतं ते कॉलेज, आणि कॉलेजची बर्फावरची हॉकी.

पहिली काही वर्षं माझी चांगली गेली. व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तरी शनिवारी सकाळी घरी हौसेनं निसु करायची. निसु म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, वेणीसारखा विणलेला. मैदा माझ्यातून झरझर खाली पडायचा, व्हर्ना रेडिओबरोबर गुणगुणायची, तिचा नवरा लेस्टर रस्त्यावरचं बर्फ काढून दमून यायचा आणि कच्च्या पिठाचा गोळा तोंडात टाकून तिची बोलणी खायचा. मला वाटायचं, एवढंच असतं आयुष्य. वाईट नव्हतं.

मग व्हर्ना सामने बघायला जायला लागली.

लेस्टरला गर्दी सोसायची नाही, तो रेडिओवर ऐकायचा. व्हर्ना एकटी जायची, आणि घरी यायची ती गाल लाल, घसा बसलेला. एकदा आल्या आल्या सांगत सुटली, "अरे, ती कॉलेजची पोरं काय ओरडतात माहितीये? समोरच्या गोलकीपरनं गोल खाल्ला की सगळी त्याच्याकडे बोट करून ओरडतात, चाळण! चाळण! म्हणजे याच्यातून सगळं गळतं! आणि त्यांच्याकडे काय, तर पुठ्ठ्यावर काढलेलं चित्र! मी म्हटलं, थांबा, माझ्या घरी खरी आहे."

पुढच्या शनिवारी तिनं मला पिशवीत घातलं.

कॉलेजची रिंक, म्हणजे बर्फाच्या हॉकीचं बंदिस्त मैदान. पत्र्याचं उंच छत, खाली पांढराशुभ्र बर्फ, अंगावर चिलखतासारखे कपडे घालून सुसाट धावणारी पोरं, रबराच्या काळ्या चकतीचा फळ्यांवर आपटून होणारा बंदुकीसारखा आवाज. मक्याच्या लाह्यांचा, ओल्या लोकरीचा आणि बिअरचा वास. आपल्या पोरांनी गोल केला की जुन्या खाणीचा भोंगा वाजवायचे. पूर्वी त्या भोंग्यावर गावचे बाप कामाला जायचे. त्या दिवशी तो वाजला, व्हर्नाशेजारच्या ढोलवाल्या अर्व्हिडनं मोठ्या ढोलावर तीन ठोके दिले, आणि व्हर्नानं मला डोक्यावर धरून बोंब ठोकली. माझ्या कडेत अडकलेला मैदा पुढच्या माणसाच्या टोपीवर सांडला. प्रेक्षकांचा तो सगळा भाग हसून हसून लोळला. गोलकीपरनं मागे वळून पाहिलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, कपाळावर मुरमं होती.

त्यानंतर मी मैदा पाहिला नाही. व्हर्नानं माझी कड संघाच्या हिरव्या रंगानं रंगवली आणि पिठासाठी बाजारातून दांडा फिरवायची नवी चाळण आणली. ती माझ्याच खिळ्यावर बसली. मी दाराशेजारी, कोटांच्या रांगेत.

लवकरच त्या भागातलं सगळं व्हर्नाच्या हातात आलं. विद्यार्थी दर चार वर्षांनी बदलायचे, ती नाही. नव्या पोरांना ती शिकवायची. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचं आणि प्रत्येक नावाला एका सुरात म्हणायचं, "असेना का!" गोल झाला की आधी तीनदा चाळण, मग "तुझीच चूक! सगळी तुझीच चूक!" पोरं तिला व्हर्नाआई म्हणायची. तीही त्यांच्यासाठी पेस्ट्या, म्हणजे खाणकामगारांच्या मांस-बटाट्याच्या करंज्या, भाजून आणायची, कुणाला मफलर विणून द्यायची, कुणाला प्रेमभंगात रडायला खांदा द्यायची. मायाळू बाई होती, हे मी शपथेवर सांगेन. पण एकदा टेस नावाच्या एका हळव्या मुलीनं विचारलं, "व्हर्नाआई, त्याला वाईट नसेल वाटत?" तेव्हा व्हर्ना म्हणाली, "वेडे, जाळीपुढे उभा राहिला की तो कुणाचा मुलगा नसतो."

तिचा स्वतःचा मुलगा रीड तेव्हा तिच्या मांडीवर बसून दोन्ही कानांवर हात दाबून सामना बघत होता.

रीड सात वर्षांचा असताना स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "आई, मला गोलकीपर व्हायचंय."

"का रे? गोल करणारा हो की. भोंगा वाजतो त्याच्यासाठी."

"तू सगळा वेळ गोलकीपरकडेच बघतेस."

व्हर्ना हसली. तिला ते गोड वाटलं. लेस्टर हसला नाही, त्यानं पोराच्या केसांतून हात फिरवला आणि तळघरात त्याला जुन्या मासळीच्या जाळ्याची गोलचौकट करून दिली.

पोरगा खरंच चांगला निघाला. शांत, हातपाय लांब, डोळा चकतीवरून हलायचा नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी दूरदूरची माणसं त्याचे सामने बघायला यायला लागली. बंद जाकीट, हातात कॉफी, कोपऱ्यात एकटी उभी राहणारी माणसं. कॉलेजांसाठी पोरं हेरणारी. त्यांच्याकडे न बघता खेळायचं असतं, आणि सगळे आईबाप फक्त त्यांच्याकडेच बघत असतात.

एका रविवारी दुपारी कोच स्ट्रँड स्वतः घरी आला. आमच्या कॉलेजचा मुख्य कोच! व्हर्नानं सकाळपासून दोनदा फरशी पुसली होती. त्यानं निसुचे तीन तुकडे खाल्ले, मला कोटांमध्ये पाहिलं आणि खाली काढून हातात घेतलं.

"हीच का ती? व्हर्ना, खरं सांगू का, तुमचा गळा आम्हाला दर सामन्यात एक गोल मिळवून देतो." मग रीडकडे वळून म्हणाला, "आणि तू आमची जाळी सांभाळणार. पूर्ण शिष्यवृत्ती. आधी दोन वर्षं कॉलेजआधीच्या ज्युनियर संघात खेळून अंगात ताकद भर, मग ये. काय?"

रीडनं आईकडे पाहिलं. आई रडत होती.

"हो," तो म्हणाला.

"कागदावर सही कधी?" लेस्टरनं विचारलं.

"सतरा-अठराचा झाल्याशिवाय सही घेता येत नाही. नियम आहे. पण आपल्या माणसांत शब्द पुरतो, नाही का?"

"पुरतो, पुरतो!" व्हर्ना म्हणाली. ती लेस्टरवर चिडली होती. कोच गेल्यावर म्हणाली, "दारात आलेल्या माणसाला असं विचारतात?"

त्या हिवाळ्यात गावात ती राणीसारखी फिरली. पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, सगळीकडे "आमचा रीड." अर्व्हिड म्हणाला, "व्हर्ना, पोरगा जाळीत आला की ढोलाचं कातडं नवं घालतो बघ." सामन्यात तिचा आवाज आणखी चढला.

दोन वर्षांनी, रीड नेब्रास्कात अनोळखी कुटुंबाकडे राहून ज्युनियर संघात खेळत होता, तेव्हा पूर्वेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या कोचचा फोन आला. पूर्ण शिष्यवृत्ती, आणि पुढच्या महिन्यात सहीच. रीड सुट्टीला घरी आला होता. टेबलाशी तिघं बसली होती, मी दाराशी.

"आपण शब्द दिलाय," व्हर्ना म्हणाली.

"पोराला विचारलंस का?" लेस्टर.

"त्यात विचारायचं काय? सात वर्षांचा होता तेव्हापासून त्याला इथेच..."

"मला तिकडे आवडेल," रीड हळूच म्हणाला. "त्यांचा गोलकीपरचा कोच चांगला आहे. आणि तिकडे मला कुणी ओळखत नाही."

"तेच तर म्हणतेय मी! तिकडे तुला बघायला कोण येणार? इथं साडेतीन हजार माणसं तुझ्या नावानं ओरडतील, रीड. माझी माणसं. मी त्यांना वीस वर्षं तयार केलंय."

मग रीड म्हणाला, "बरं." त्यानं स्वतः फोन करून त्या माणसाला नाही म्हटलं. आवाज अगदी नम्र होता. फोन ठेवून तो तळघरात गेला आणि भिंतीवर चेंडू मारत बसला.

स्ट्रँडचा फोन आला तो पुढच्या वसंतात. व्हर्नाचे हात कणकेत होते, म्हणून तिनं कोपरानं बटण दाबून फोनचा आवाज मोठा केला. म्हणून मीही ऐकलं.

"व्हर्ना, तुमच्याशीच आधी बोलावं म्हटलं. आम्ही जरा दिशा बदललीये. कॅनडातून एक मोठा मुलगा मिळालाय, एकवीसचा आहे, तयार आहे. त्यामुळे रीडच्या बाबतीत..."

"म्हणजे एक वर्ष थांबायचं का त्यानं?"

"नाही. म्हणजे त्यानं आता दुसरीकडे बघावं. चांगला मुलगा आहे, कुठेतरी नक्की घेतील."

"पण तुम्ही शब्द दिला होता. इथं बसून."

"हे बघा, मनाला लावून घेऊ नका. आमच्याही नोकऱ्या जिंकण्यावर असतात." मग आवाज एकदम मोकळा झाला. "बरं, तुमच्या जागेचं वर्षाचं तिकीट आलंय नूतनीकरणाला. ते करताय ना? तुमच्याशिवाय तो भाग म्हणजे..."

व्हर्ना कणकेतल्या हातांकडे बघत होती.

"करतेय," ती म्हणाली.

ती का हो म्हणाली, हे मला आजही सांगता येणार नाही. सवय असेल. किंवा नाही म्हणायचं तर शनिवारी जायचं कुठे, हे तिला सुचलं नसेल. सामन्याची वेळ झाली की लेस्टर रेडिओ उचलून गॅरेजमध्ये जायला लागला.

पूर्वेकडच्या त्या विद्यापीठानं तोवर दुसरा मुलगा घेतला होता. रीडला शेवटी ओहायोतल्या एका कॉलेजनं अर्ध्या शिष्यवृत्तीवर ठेवून घेतलं. दर वर्षी तळाला असणारा संघ. दोन हंगाम तो बाकावर बसला. तिसऱ्या वर्षी जाळीत उभा राहिला, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांचा सामना पडला रेडशाफ्टमध्ये.

व्हर्नानं त्या दुपारी नवा करडा कोट घातला. हिरवा नाही, आणि त्यांच्या संघाचा निळाही नाही. मी पिशवीतच होते. हंगामात ती पिशवी ती रिकामी करत नसे. लेस्टर येईल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "मी इथूनच ऐकतो." त्या दिवशी त्यानं गॅरेजमधून रेडिओ परत स्वयंपाकघरात आणला होता.

जागेवर पोचल्या पोचल्या तिनं अर्व्हिडचा हात धरला. "आजच्या दिवस चाळण नको. एवढं कर माझ्यासाठी."

म्हातारा ढोलावरचं बर्फ पुसत राहिला. "मी हळू वाजवीन, व्हर्ना. पोरांचं माझ्या हातात नाही."

मागच्या रांगेतल्या पोरांना ती स्वतः सांगायला गेली. टेस आता गावातच नोकरीला होती, आणि त्या पोरांची म्होरकी झाली होती. चेहऱ्यावर हिरवा रंग फासलेला. तिला खरंच वाईट वाटलं असावं. "अगं पण व्हर्नाआई, तूच शिकवलंस ना? जाळीपुढे उभा राहिला की..."

"माहीत आहे मी काय शिकवलं ते!"

"मग? याला सोडलं तर उद्या प्रत्येकाची आई येईल."

दिवे मंद झाले. पाहुण्या संघाची नावं पुकारायला सुरुवात झाली. शेवटी ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "गोलकीपर, रीड लाहती. गाव, रेडशाफ्ट, मिशिगन."

"असेना का!" अख्खी रिंक म्हणाली.

असं एकमुखानं, की पत्रा वाजला. ज्यांनी त्याला लहानपणी लाह्या दिल्या होत्या, तेही म्हणाले. वर्तमानपत्राआड हसत होते. रीड निळ्या रेषेवर मान खाली घालून उभा होता.

पण मग तो खेळला! मी वीस-पंचवीस वर्षं गोलकीपर बघितले होते, पिशवीच्या तोंडातून का असेना. असा पाहिला नव्हता. आमच्या पोरांनी डावीकडून मारलं, उजवीकडून मारलं, तोंडासमोर येऊन मारलं. तो नुसता सरकायचा आणि चकती त्याच्या हातात असायची. ओहायोनं कसाबसा एक गोल टाकला होता. दोन सत्रं संपली तरी आमचा भोंगा वाजला नाही. भोवतालची माणसं आधी ओरडली, मग कुरकुरली, मग गप्प झाली. खाली स्ट्रँड फळीवर मूठ आपटत होता. व्हर्ना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मधेच ती पुटपुटली, "बघ, बघ म्हणावं त्याला." कुणाला ते मला कळलं नाही. तिच्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर दुपार होती, आणि ती टाळी वाजवू शकत नव्हती. म्हणून तिनं पिशवीत हात घालून माझी कड घट्ट धरली. आधाराला म्हणून, दुसरं काही नाही.

तिसऱ्या, शेवटच्या सत्रात चकती ओहायोच्याच एका पोराच्या बुटाला लागून वळली आणि रीडच्या पायामागून आत गेली. त्याची काही चूक नव्हती.

भोंगा वाजला. अर्व्हिडनं, इतक्या वर्षांच्या हातानं, तीन ठोके दिले.

आणि मी हवेत होते.

व्हर्ना उभी होती. हात सरळ वर, तोंड उघडं, आणि त्यातून तो शब्द आला. पहिला तिचाच आला. पोरं क्षणभर थबकली होती, तिच्याकडे बघूनच थबकली होती. तिचा आवाज ऐकला आणि मग साडेतीन हजार गळे तिच्यामागून फुटले.

रीड जाळीवरची पाण्याची बाटली घ्यायला मागे वळला होता. त्यानं वर पाहिलं. लोखंडी मुखवट्यामागचा चेहरा मला दिसला नाही. व्हर्नाला दिसला असावा, कारण तिचा हात हवेतच लुळा पडला आणि मी पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटून पायऱ्यांवर गडगडले.

"तुझीच चूक! सगळी तुझीच चूक!" वर चालू होतं.

त्यानंतरचे दोन गोल त्यानं एरवी सहज अडवले असते. अडवले नाहीत.

टेसनं मला उचलून व्हर्नाच्या पिशवीत ठेवलं. सामना संपल्यावर व्हर्ना मागच्या अंगणात ओहायोच्या बसशी उभी राहिली. अंधारून आलं होतं, सरोवराकडून वारा सुटला होता. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला निसु होता. पोरं ओल्या केसांनी एकेक करून चढत होती. रीड शेवटी आला.

"रीड, अरे मी... हात आपोआप वर गेला रे. मला कळलंसुद्धा नाही."

"माहीत आहे, आई."

"देवाशप्पथ, मला कळलं नाही."

"माहीत आहे म्हणतोय ना. तेच तर." त्यानं पाव घेतला. तो सभ्य मुलगा होता, नेहमीच. "बाबांना सांग, उन्हाळ्यात आलो की छताचं काम काढू."

ती घरी आली तेव्हा लेस्टर टेबलाशी बसला होता. रेडिओ बंद होता. समालोचकाचा माइक आमच्या भागाच्या बरोबर डोक्यावर टांगलेला असतो, हे व्हर्नाला ठाऊक होतं. कित्येकदा तिनं ते कौतुकानं सांगितलं होतं.

"ऐकू आलीस," लेस्टर म्हणाला, आणि झोपायला गेला.

व्हर्नानं पुढच्या वर्षी तिकीट घेतलं नाही. कॉलेजातून एक तरुण आला, छान टाय लावलेला. रिंकच्या प्रवेशाशी आठवणींचं काचेचं कपाट करतायत म्हणाला, चाळण मिळेल का? व्हर्नानं मला कोटांमागून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तिला वाटलं असेल, घरातून गेली म्हणजे गेली. दार लावताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आता मी काचेत आहे. दोन बाजूंनी दिवे, खाली पितळी पट्टी, व्हर्नाचं नाव, "आमच्या निष्ठावंत प्रेक्षकांचं प्रतीक." अर्व्हिड कधीकधी समोर थांबतो आणि नव्या ढोलवाल्याला काहीबाही सांगतो, त्यातून मला कळतं. रीडनं हॉकी सोडली. तो आता डुलुथच्या गोदीवर मालवाहू जहाजांचं काम बघतो. सणाला घरी येतो. मायलेक जेवताना छताबद्दल बोलतात, गाडीच्या टायरांबद्दल बोलतात, बर्फ किती पडलं ते बोलतात. भांडण असं काही नाही म्हणे. व्हर्ना कामाला जाताना रिंकवरून जात नाही, खालच्या रस्त्यानं जाते. तिकडून लांब पडतं.

स्ट्रँड अजून आहे. वर्षातून पाच-सहा वेळा एखादं पंधरा वर्षांचं पोर आणि त्याचे आईबाप घेऊन तो माझ्यासमोर येतो. परवाही आला होता. मुलगा गोलकीपर होता, हातपाय लांब, अजून स्वतःच्या उंचीची सवय न झालेला.

"ही आमच्या व्हर्ना लाहतीची चाळण," स्ट्रँड म्हणाला. "अशी माणसं आहेत आमच्याकडे. तुमच्या पोराला घरच्यासारखं जपतील."

"अय्या, किती मस्त!" मुलाची आई म्हणाली. "त्या येतात अजून?"

"आता वय झालं हो त्यांचं."

मुलगा काचेजवळ आला. "हे आपल्या गोलकीपरला पण म्हणतात का?"

"छे रे! फक्त समोरच्याला."

सगळे हसले. आईनं मोबाइल काढून पोराला माझ्याशेजारी उभं केलं आणि फोटो घेतला. बाई, मला तोंड असतं तर मी तुम्हाला एवढंच म्हटलं असतं, की आज घरी गेल्यावर त्याला एकदा विचारा, तुला कुठे जायचंय. आणि तो जे म्हणेल ते पूर्ण ऐका. पण मला तोंड नाही. माझं नाव दुसऱ्यांच्या तोंडी असतं.

शनिवारी भोंगा वाजतो तेव्हा काच थरथरते, आणि मग भिंतीपलीकडून ती हाक येते. मी कान लावून ऐकते. व्हर्नाचा आवाज त्यात नसतो. त्या आवाजावाचून त्यांचं काहीही अडलेलं नाही.